बोलण्याची परीक्षा

कारखान्याच्या वजनकाट्यावरचा माइक तात्यांच्या हातात असायचा, त्यामुळे ते कामावर आहेत की घरी, हे वसाहतीत कुणाला विचारावं लागत नसे. तात्या म्हणजे माझे वडील. गळीत हंगाम सुरू झाला की गाडीतळावर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रांगेनं उभे राहायचे आणि काट्याच्या खोलीतून तात्या एकेकाचा नंबर पुकारायचे. भवानीनगरला आमच्या दोन खोल्या वसाहतीच्या अगदी मागच्या ओळीत होत्या, पण तिथपर्यंत त्यांचा शब्द न् शब्द यायचा. आई भाकरी थापत असायची, मी बंबात चिपाडं सारत असायचे, हवेत मळीचा तो गोडसर, जरा आंबूस वास भरलेला असायचा, आणि वरून तात्या बोलत असायचे. नुसते नंबर सांगून त्यांचं भागत नसे. "ट्रॅक्टरवाले मंडळी, टेप बारीक करा. नंबर ऐकू न्हाय आला तर मागनं माझ्या नावानं बोंबलू नका," असं काहीतरी मध्येच यायचं आणि शेजारच्या ओट्यांवर बायका हसायच्या. एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमालाही माइक त्यांच्याकडेच. आमच्या विहारात बुद्धवंदना तेच सांगायचे. आवाज काही गोड नव्हता, पण भरदार होता, आणि त्याला घाई नव्हती.

घरी आल्यावरही हा माणूस गप्प बसत नसे. ताटात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचं कूट घातलेली मेथीची पातळ भाजी, कडेला हिरवा ठेचा, आणि यांचं आपलं चालूच. कुणाच्या गाडीचा बैल काट्यावर चढायला तयार नव्हता, कुणी मोळीत दगड घातला होता. आई म्हणायची, "अवो, घास गिळा आदी." आई मुळातच कमी बोलणारी. तिचं शिवणयंत्र बोलायचं तेवढं. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश असं वसाहतीचं शिवणकाम ती करायची, आणि तात्या बोलत असले की यंत्राचं चाक हातानं थांबवून ऐकायची. उत्तर द्यायची असं नाही. नुसती ऐकायची. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्या दोघांत हेच ठरून गेलं होतं बहुतेक, की एकानं बोलायचं आणि एकानं ऐकायचं.

मी तेव्हा बारामतीत बी.कॉम. करून तिथल्याच एका ऑफिसात हिशेबाच्या कामाला लागले होते. परदेशी शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळते हे मला कॉलेजातल्या एका मॅडमनी सांगितलं, अर्जही त्यांनीच भरून घेतला, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना परदेशातल्या एका बिझनेस स्कूलनं प्रवेश देऊ केला. अट एकच होती. इंग्रजीच्या परीक्षेत ठरावीक गुण हवेत. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं, असे त्या परीक्षेचे चार भाग. वसाहतीत ही बातमी तात्यांनीच पसरवली. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "धंद्याची शाळा म्हंजे? दुकान टाकायला एवढं लांब कशाला जायचं?" याचं उत्तर मलाही नीट ठाऊक नव्हतं. मला फक्त जायचं होतं. हिशेबाच्या त्या ऑफिसातून, मागच्या ओळीतल्या त्या दोन खोल्यांतून कुठंतरी लांब जायचं होतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

बारामतीच्या एसटी स्टँडजवळ टायरच्या दुकानावर एक क्लास होता. ऑफिस सुटलं की तिथं जायचं, कानाला हेडफोन लावून गोऱ्यांची बोलणी ऐकायची, ती विमानतळाची, ग्रंथालयाची, भाड्याच्या घरांची संभाषणं, आणि खालून चाकात हवा भरण्याचा आवाज येत राहायचा. ऐकणं, वाचणं, लिहिणं मला जमत होतं. बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची. क्लासचे सर तरुण होते, स्पष्ट बोलायचे. एकदा म्हणाले, "सुजाता, पेपरवर तुम्ही पास आहात. पण समोर माणूस बसला की तुम्ही मेल्यासारखं करता. घरी कुणालातरी परीक्षक करा आणि रोज बोला. चुकीचं बोला, पण बोला." मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तात्या चूळ भरत होते. चूळ टाकून म्हणाले, "मग मी हाय की. माझं दिवसभर बोलायचंच काम हाय."

आणि मग रोज संध्याकाळी आमच्या मागच्या ओट्यावर परीक्षा सुरू झाली. तात्यांची दिवसपाळी असली की घरी येऊन ते हातपाय धुवायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे, वरचं बटण लावायचे आणि खुर्चीत ताठ बसायचे. मी स्टुलावर. मध्ये पाण्याचा तांब्या. सरावाच्या पुस्तकातले प्रश्न ते वाचायचे ते थेट काट्यावरच्या आवाजात. "गुड मॉर्निंग. व्हॉट इज युवर फुल नेम?" तीन घरं पलीकडं ऐकू जायचं. बारावीपर्यंतचं त्यांचं इंग्रजी, तेही कधीकाळचं. उच्चार सगळे आपल्याकडचे. मला हसू यायचं, पण ते हसत नसत. "एक्झामिनर हसत न्हाय," म्हणायचे. "तू बी हसू नगंस. मार्क जातील." एकदा त्यांनी विचारलं की मोकळ्या वेळात काय करतेस. मी क्लासमध्ये पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हटलं, की मला ट्रेकिंग आवडतं. पुस्तक मांडीवर ठेवून ते मराठीत आले. "ट्रेकिंग कवा केलंस गं तू? जेजुरीचा गड चढताना दोनदा बसलीस." मी म्हटलं, "तात्या, तसं सांगायचं असतं." त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी पुस्तक पुन्हा उचललं.

कधीकधी ते पुस्तकाबाहेरचंही विचारायचे. वाक्य जुळवायला वेळ लागायचा, बोटं हवेत फिरायची. "आफ्टर स्टडी, यू विल कम बॅक ऑर नॉट?" हा प्रश्न त्यांनी मराठीत कधी विचारला नाही. मी म्हटलं, "येस." ते म्हणाले, "फुल सेंटेन्स." मग मी पूर्ण वाक्य म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न वाचला. आई दारात तांदूळ निवडत बसलेली असायची. आमच्या तोंडांकडे बघायची. एकदा इकडं, एकदा तिकडं.

त्या हंगामात तात्यांचा आवाज बसला. सुरुवातीला कुणाला काहीच वाटलं नाही. हंगामात तो बसायचाच, बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची धूळ, थंडी, त्यात लपूनछपून ओढलेल्या बिड्या. आईनं ज्येष्ठमध आणला, हळदीचं दूध दिलं, मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. संध्याकाळची परीक्षा मात्र चालूच राहिली. आता त्यांचे प्रश्न तीन घरं पलीकडं ऐकू जात नव्हते, मलाच पुढं वाकून ऐकावं लागायचं. मी म्हणायचे, "तात्या, आज राहू द्या." ते म्हणायचे, "उलट बरंय. बारीक आवाजातलं इंग्रजी समजायला लागलं की खऱ्या एक्झामिनरचं सोपं जाईल." मग भाकरीचा घास अडकायला लागला. आई भाकरी दुधात कुस्करून द्यायला लागली. मग भाकरी सुटली, मऊ भात आला. मग भातही नको झाला आणि हुलग्याचं माडगं गाळून वाटीतून यायला लागलं. आमच्या घरात तोवर ताटात काहीतरी चावायचं असायचं, त्याचा आवाज असायचा, आणि आता तात्या वाटी तोंडाला लावून हळूहळू पीत बसायचे. बोलत नसत, कारण एका वेळी दोन्ही जमत नव्हतं.

काट्यावरचा माइक दुसऱ्या एका क्लार्कला दिला गेला. तात्यांना आत कागदाच्या कामाला बसवलं. पहिल्यांदा तो परका आवाज वसाहतीवरून गेला तेव्हा मी घरात होते. आईनं यंत्राचं चाक थांबवलं, ऐकलं. पोरगा नुसता नंबर सांगत होता, दुसरं काही नाही. आईनं चाक पुन्हा फिरवलं.

बारामतीच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. मग मला एकटीला बाहेर बोलावलं. घरातली शिकलेली मीच, म्हणून. म्हणाले, आत ग्रोथ आहे, पुण्याला दाखवा, वेळ काढू नका. एसटी स्टँडवर बाकावर बसून मला हे तात्यांना सांगायचं होतं. मला मराठी शब्द सुचेना. मी तोच शब्द वापरला. तात्या म्हणाले, "ग्रोथ म्हंजे वाढ ना? तुझ्या पुस्तकात हाय की तो शब्द. कंपनीची ग्रोथ, देशाची ग्रोथ." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांना सगळं समजलं. "बरं," म्हणाले, "आईला मी सांगतो." पण त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही नाही. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बसेपर्यंत आईला वाटत होतं की घशातली गाठ औषधानं विरघळणार आहे.

तपासण्या होऊन दुसऱ्यांदा गेलो तो दिवस मला अजून तसाच्या तसा दिसतो. बाई पोक्त होत्या, मराठीत बोलत होत्या, सावकाश. गाठ स्वरयंत्रात आहे, म्हणाल्या. पुढं गेली आहे. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. गळ्याला भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा. बोलता येणार नाही. त्यांनी सांगितलेला ऑपरेशनचा दिवस माझ्या परीक्षेच्या बरोबर दोन दिवस आधीचा होता. मी काही बोलायच्या आत तात्याच घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बाई, जरा पुढं ढकला. पोरीची परीक्षा हाय. तिला बोलायचा सराव मी देतो. तेवढी होईस्तोवर मला आवाज पायजे."

बाईंना आधी कळेचना. मी सांगितलं. म्हटलं, मीच परीक्षा पुढं ढकलते. तात्या म्हणाले, "न्हाय. तिकडची तारीख जाईल, अ‍ॅडमिशन जाईल." ते खरंही होतं. बाई म्हणाल्या, "आबा, इथं एकेक दिवस महत्त्वाचा आहे. आधीच उशीर झालाय." तात्या हट्टाला पेटले. आठ दिवसांनी असं काय बिघडणार हाय, एवढे महिने गेले तसे आठ दिवस जातील, असं काहीतरी अर्ध्या आवाजात, अर्ध्या श्वासात ते सांगत राहिले. मी रडायला लागले. आई आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती, पदर घट्ट धरून. आयुष्यात ती डॉक्टरांशी स्वतःहून बोलली असेल नसेल. तिनं तात्यांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. बाईंना म्हणाली, "आवाज काढा. माणूस ठिवा."

बाईंनी पुढं केलेल्या कागदावर तात्यांनी सही केली. परतीच्या प्रवासात ते खिडकीशी बसले होते आणि आईनं भिगवणपर्यंत रिपोर्टांची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

माझी मावशी इंदापूरला राहायची. तिनं निरोप धाडला की ऑपरेशनला जाताना इकडूनच जायचं, काका जीपनं पुण्याला सोडतील. गेलो तर घर माणसांनी भरलेलं. मावशीच्या दिरांपासून लांबच्या आत्यांपर्यंत सगळे आले होते. कुणी तोंडानं म्हणालं नाही, पण सगळे तात्यांचा आवाज ऐकायला आले होते. मावशीनं सवयीनं उजनी धरणातल्या चिलापी माशांचं कालवण केलं होतं, आणि ताटं वाढताना तिच्या लक्षात आलं की पाहुण्याला घास गिळता येत नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. तात्यांनी मला खूण केली. मी रस्सा गाळून वाटीत आणला. तिखट त्यांना सोसत नव्हतं तरी त्यांनी तो सगळा प्यायला आणि हातानंच झकास झालंय म्हणून सांगितलं.

जेवणं झाल्यावर काका म्हणाले, "दाजी, काहीतरी बोला की." सगळे सावरून बसले. तात्या विचारात पडले. आयुष्यभर ज्याला बोलायला कारण लागलं नाही त्या माणसाला त्या दिवशी काय बोलावं ते सुचेना. आता मला वाटतं, कुणाला सुचलं असतं? परवापासून आपला आवाज नसणार हे ठाऊक असताना समोर बसलेल्या तीस-चाळीस माणसांना माणूस काय सांगेल? शेवटी एका आत्यांनी म्हटलं, वंदना घ्या. तात्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि त्रिसरण सुरू केलं. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. तिसऱ्या ओळीला फक्त हवा यायला लागली. मग मावशीनं ओळ उचलली, काकांनी, मग सगळ्या घरानं. तात्यांचे ओठ हलत होते. आईचेही हलत होते, पण तिचा आवाज मला ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याच्या दवाखान्यात खाट मिळाली. खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसत होते. तात्यांनी पिशवीतून माझं सरावाचं पुस्तक काढलं. ते त्यांनी केव्हा भरून घेतलं होतं, मला माहीत नव्हतं. "बस," म्हणाले. मी म्हटलं, "तात्या, आज नको. आज आपण असंच बोलू." ते म्हणाले, "असंच काय बोलायचं?" मी आईच्या शेजारी स्टूल ओढलं. आणि मग त्या दुपारी, आणि संध्याकाळी चहानंतर, आणि ऑपरेशनच्या सकाळी त्यांना न्यायला येईपर्यंत आमचा सराव चालला. डिस्क्राइब अ प्लेस यू लाइक टू व्हिजिट. डू पीपल इन युवर कंट्री ईट ब्रेकफास्ट? ईज इट बेटर टू लिव्ह इन अ सिटी ऑर अ व्हिलेज? ते थांबत थांबत वाचायचे, एका प्रश्नाला दोन श्वास लागायचे. शेजारच्या खाटेवरचे एक आजोबा डोळे मोठे करून बघत होते. मी उत्तरं दिली. खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांत मी जसं इंग्रजी बोलले तसं पूर्वी कधी बोलले नव्हते. थांबले नाही, अडखळले नाही. मला भीती वाटत होती की मी थांबले तर ते पुस्तक मिटतील, आणि पुस्तक मिटलं तर मग काय उरेल?

आई खाटेच्या पायथ्याशी बसून होती. तात्यांच्या पायांवरची चादर ती पुन्हा पुन्हा नीट करत होती. मध्येच ती उठून बाहेर जायची आणि लगेच परत यायची.

सकाळी त्यांना न्यायला स्ट्रेचर आलं तेव्हा एक प्रश्न अर्धा झाला होता. शेजाऱ्यांविषयी होता काहीतरी. नर्स म्हणाली, "चला आबा, अंगावरचं सगळं काढून द्या." तात्यांनी पुस्तक माझ्याकडे दिलं. डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि आईकडे दिला. म्हणाले, "चष्मा नीट ठिव. काच ढिली हाय." आईनं चष्मा पदरात गुंडाळला. त्यांनी आणखी काही बोलायला तोंड उघडलं असं मला वाटलं, पण तोवर स्ट्रेचर वळलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यातूनच परीक्षेला गेले. बोलण्याच्या परीक्षेला एका लहानशा खोलीत एक बाई समोर बसल्या होत्या, टेबलावर रेकॉर्डर होता. त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं. पुढं त्यांनी विचारलं की मोकळ्या वेळात काय करायला आवडतं, आणि मी हसतमुखानं सांगितलं की मला ट्रेकिंग आवडतं, डोंगरावरची मोकळी हवा आवडते. बाई मान डोलावत होत्या. त्यांना मी फार आनंदी मुलगी वाटले असणार. निकाल आला तेव्हा चारही भागांत सगळ्यांत जास्त गुण बोलण्याला होते. मी तो तात्यांना दाखवला. गळ्यातल्या भोकावर पांढरी जाळी बांधून ते ओट्यावर बसले होते. त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं, मग माझ्याकडे बघितलं, मग कॉलरचं वरचं बटण लावायला हात वर नेला. तिथं आता बटण लावता येत नव्हतं. त्यांचा हात तसाच खाली आला.

दवाखान्यातून गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. घरी आल्यावर त्यांनी ते लावून पाहिलं. सगळी अक्षरं एकाच सुरात, गुणगुणल्यासारखी बाहेर पडली. त्यांनी आईचं नाव घेतलं असावं. आई आत निघून गेली. तात्यांनी यंत्र डब्यात घातलं आणि कपाटावर ठेवलं. ते पुन्हा खाली निघालं नाही.

पावसाळ्याच्या शेवटी मी परदेशी गेले. त्या गावाविषयी आणि त्या शाळेविषयी लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. दिवस लहान असायचे, अंधार लवकर पडायचा, आणि काचेच्या वर्गात बसून आम्ही मोठमोठ्या कंपन्या का बुडाल्या याच्या चर्चा करायचो. मी भराभर बोलायचे. घरी दर रविवारी फोन करायचे. तेव्हा मोबाइल आले होते, पण फोनवर माणूस दिसण्याचे दिवस आमच्यापर्यंत आले नव्हते. आई दोन वाक्यं बोलायची, जेवलीस का, थंडी हाय का, आणि म्हणायची, "थांब, त्यांच्याजवळ धरते." मग पलीकडून फक्त श्वास ऐकू यायचा. नळीतून येणारा, ओलसर, जरा शिटी वाजल्यासारखा. त्यावर मी बोलत राहायचे. आज काय खाल्लं, बर्फ पडला, पेपर बरा गेला. उत्तर नाही. श्वास कधी जलद व्हायचा, तेव्हा मला वाटायचं ते हसत असतील. विचारायची सोय नव्हती. मग आई पुन्हा फोन घ्यायची आणि म्हणायची, "ऐकलं त्यांनी."

माझं शिक्षण संपायच्या आत दुखणं पुन्हा उलटलं. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईनं मला दारात बघितलं आणि फक्त बाजूला सरकून आत यायला वाट दिली.

मी परत आले ती राहिलेच. पुण्यात बरीच वर्षं नोकरी केली, मग बारामतीत घर घेतलं, आईला वसाहतीतून आणलं. आता माझेही केस पांढरे झालेत. कामाचं बोलणं निम्मं इंग्रजीत असतं. नव्या पोरापोरींच्या मुलाखती घेते तेव्हा समोरचं कुणी अडखळलं की मी पुढं वाकून ऐकते. आई आता थकली आहे. यंत्र चालवत नाही, पण हाताला काम लागतं म्हणून भाजी निवडत बसते. बोलणं पूर्वीइतकंच.

परवा दुपारी मी घरून काम करत होते. फोनवर बराच वेळ इंग्रजीत बोलणं चाललं होतं. फोन ठेवला तर आई मेथीची जुडी मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "एक इचारू?"

"विचार की."

"त्या दवाखान्यात तुमी दोघं एवढं काय बोलत हुता?"

मला क्षणभर कळलं नाही ती कशाविषयी विचारते आहे. मग कळलं. मी म्हटलं, "परीक्षेचं गं. पुस्तकातले प्रश्न विचारत होते ते. शहर चांगलं की गाव, नाश्ता करता का, असलं."

"तेवढंच?"

"तेवढंच."

तिनं मेथीची एक काडी उचलली, पानं खुडली, काडी बाजूला ठेवली. "मला वाटायचं," ती म्हणाली, "माझ्याविषयी काय सांगत असतील तुला. माझ्यासमोर बोलायला लाजत असतील, म्हणून इंग्रजीत बोलत असतील. मी म्हटलं, तू सांगशील कवातरी."

मी खुर्चीतून उठून तिच्याजवळ खाली बसले. तिनं जुडीतली निम्मी मेथी माझ्यापुढं सरकवली.